ट्रंक, डबा आणि आत्मचरित्र

नरकचतुर्दशीच्या पहाटे मुलाच्या पाठीला तेल लावताना आईच्या हाताला जे कळते, ते शाळेच्या प्रगतिपुस्तकात नसते. जूनमध्ये पत्र्याची ट्रंक घेऊन बोर्डिंगात गेलेला मुलगा चार महिन्यांनी घरी आलेला असतो. खांदे उंचावलेले असतात, बरगड्या हाताला लागतात, आणि एकदोन ठिकाणी असे काही लागते की आई हात आखडता घेते. "कसं काय हाय रं तिथं?" असे ती विचारते. "बरं हाय," असे तो म्हणतो. संभाषण तिथेच संपते, आणि पुढचे दोन दिवस त्याच्या ताटात करंज्या जरा जास्तच पडत राहतात.

'बरं हाय' या दोन शब्दांमागे काय दडलेले असते ते उघड करणे हे साहित्याचे काम. आपल्या मराठीत शाळा-बोर्डिंगांच्या आठवणींना तोटा नाही. दिवाळी अंकांतून तर त्या वर्षानुवर्षे येतच असतात. तरीही हे काम आपल्या लेखकांनी पुरते केले आहे काय, असा प्रश्न मला अलीकडे वारंवार पडतो. उत्तर शोधण्यासाठी मी मुद्दाम सातारा-सांगलीकडच्या पुस्तकांकडे वळलो. कारण मुलगे घराबाहेर ठेवून शिकवण्याची परंपरा या मुलखात जितकी जुनी आणि जितकी कडक, तितकी ती फार थोड्या ठिकाणी असेल.

हा मुलूख मुळात एकच. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग १९४९ पर्यंत साताऱ्यातच मोडत होता. त्या वर्षी 'दक्षिण सातारा' वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. औंध संस्थानची तर गंमतच होती. राजधानी आजच्या सातारा जिल्ह्यात, आणि आटपाडी व कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात, असा तो तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला मुलूख. पूर्वेकडे माणदेश, तिथे पाऊस आला तर आला. ज्या गावात विहिरीचा तळ दिसतो त्या गावातून हुशार पोर बाहेर धाडण्यावाचून आईबापांना गत्यंतर नसते. मग ते पोर औंधच्या शाळेत जावो, साताऱ्यात भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात जावो, की अलीकडच्या काळात प्रवेश परीक्षा देऊन सैनिक स्कूलमध्ये जावो. देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यातच निघाली, २३ जून १९६१ रोजी. ती खासगी नव्हे, पण पहाटेची शिट्टी, कवायत, बारीक कापलेले केस आणि वर्षातून ठरल्या दिवसांचीच घरची भेट, हे सारे तिथेही आलेच. तिची दारे मुलींना उघडली ती २०२१ मध्ये, साठ वर्षांनी. भाऊबीजेला ओवाळणाऱ्या बहिणीची पाटी या सगळ्या आठवणींत कुठे गेली, हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता पुस्तकांकडे येऊ. या वाङ्मयातला पहिला दोष असा की, ते पास झालेल्यांनी लिहिले आहे. ज्याला बोर्डिंग सोसले तो पुढे प्राध्यापक, न्यायाधीश, कुलगुरू झाला आणि साठीला त्याने लेखणी हाती घेतली. जो रात्री भिंत ओलांडून पळाला, किंवा ज्याला बाप सहामाहीत बैलगाडीतून परत घेऊन गेला, तो आत्मचरित्र लिहीत नाही. त्यामुळे छडी, उपास आणि थंडीत कुडकुडणे यांचा एक ठरावीक साचा बनून गेला आहे. आधी हाल, मग यश, आणि शेवटी गुरुजींचे स्मरण, की त्यांनी मारले म्हणून आम्ही घडलो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलावर हात उगारणे निषिद्ध ठरवले, पण आठवणींच्या पुस्तकांतून छडीची आरती अजून थांबलेली नाही. ग. दि. माडगूळकर औंधच्या शाळेत शिकले आणि मॅट्रिकला नापास झाले, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. पण ते कौतुक गीतरामायणाच्या कवीचे असते. नापास होऊन घराच्या दारात उभ्या राहिलेल्या पोराचे कौतुक आपण कधी केले आहे?

दुसरा दोष मला अधिक खटकतो. या पुस्तकांत आईबाप असतात ते एकतर देव म्हणून, नाहीतर अडथळा म्हणून. आई दागिने मोडणारी देवी, आणि बाप 'शिकून काय दिवे लावणार' म्हणणारा अडाणी. मुलाला दूर ठेवताना ज्याचे मन दोन्हीकडे ओढले जाते असा साधा, घाबरलेला, हिशेब घालणारा पालक फारसा भेटत नाही.

याबाबतीत एका इंग्रजी लेखाची आठवण होते. इंग्रजीत शाळाकथांची मोठी परंपरा. टॉमस ह्यूजच्या 'टॉम ब्राऊन्स स्कूलडेज' (१८५७) पासून बोर्डिंगातला मार म्हणजे मर्दपणाचे शिक्षण असा तिचा सूर. जॉर्ज ऑर्वेलने आपल्या बालपणीच्या शाळेवर लेख लिहिला तो या सुराच्या अगदी उलटा. त्याच्या आईबापांना फीत सवलत मिळालेली होती, आणि त्या उपकाराची जाणीव शाळेने त्याला पुरेपूर करून दिली. हा लेख त्याच्या मृत्यूनंतर १९५२ साली अमेरिकेत छापला गेला. बदनामीच्या दाव्याच्या भीतीने तो १९६८ पर्यंत इंग्लंडात येऊ शकला नाही. लेखाची कटुता बाजूला ठेवली तरी त्यातले एक निरीक्षण विसरता येत नाही. शाळेतले दुःख घरी सांगणे मुलाला अशक्य वाटते, कारण ते दुःख म्हणजे आपलाच काही गुन्हा आहे असे त्याला वाटत असते. आपल्याकडचे 'बरं हाय' ते हेच.

इथे थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे. मीही अशा एका वसतिगृहात चार वर्षे काढली. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिथे शिक्षा म्हणून घरून आलेला डबा अडकवून ठेवीत. मुलाने समोर बसून दुसऱ्यांचे जेवण पाहायचे. मी घरी कधी एक शब्द बोललो नाही. पुष्कळ वर्षांनी असेच एक आत्मचरित्र मी वडिलांना वाचून दाखवीत होतो. त्यात उपाशी ठेवल्याचा प्रसंग आला. वडील म्हणाले, "तुज्याबी बाबतीत असंच हुतं का रं?" मी होय म्हणालो. ते जरा थांबले आणि म्हणाले, "आमाला ठावं हुतं." डबे जसेच्या तसे, आंबलेले परत येत होते, त्यांना कसे कळणार नाही? कळत असूनही त्यांनी मला तिथे ठेवले. त्यांचे चुकले की बरोबर होते, हे मला आजही सांगता येणार नाही. मात्र त्या दिवसापासून अशी पुस्तके वाचताना मी एकच गोष्ट शोधतो. घरच्यांना काय ठाऊक होते?

साने गुरुजींपासून सुरुवात करावी हे उचित. 'श्यामची आई' १९३० च्या दशकातले, नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले पुस्तक. त्यावर इतके लिहून झाले आहे की नवे काय सांगणार, असे वाचकांना वाटेल. पण त्याच्या रचनेकडे पाहा. श्याम या गोष्टी रात्री आश्रमातल्या मंडळींना सांगतो. म्हणजे ऐकणारे घरापासून दूर असलेले. गुरुजी स्वतः अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांनी जीव लावून सांभाळली. मराठीतले मातृप्रेमाचे हे सर्वांत गाजलेले पुस्तक वसतिगृहाच्या अनुभवातून उगवले आहे, ही गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. आईची थोरवी सांगण्याची गरज जिथे आई नसते तिथेच जास्त.

गुरुजींच्या अश्रूंची चेष्टा करण्याची एक पद्धत पडून गेली आहे. ती मला पटत नाही, पण ती का पडली हे समजते. तरीही ज्यांना संयम हवा त्यांनी धाकट्या भावाच्या कोटाचा प्रसंग पुन्हा वाचावा. दापोलीला शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवून भावासाठी कोट शिवून आणतो. सणाचे दिवस आहेत, घरात दारिद्र्य आहे. आणि वडिलांच्या मनात आधी शंका येते ती पैशाची, की ते आणले कुठून? घराबाहेर राहणाऱ्या मुलाविषयी बापाच्या मनात असणारी सगळी धास्ती त्या एका प्रश्नात आहे. पोर डोळ्यांआड आहे. तिथे ते कोणाच्या संगतीत आहे, काय करते आहे, आपल्याला कळायला मार्ग नाही.

पुढे फी परवडेना म्हणून श्याम औंधला जातो. बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे ते संस्थान. सूर्यनमस्कारांच्या प्रसाराला वाहून घेतलेला हा राजा. त्याच्या शाळांतून मुलांना नमस्कार घालावेच लागत. तिथे कोकणातला हा मुलगा हाताने रांधून खात शिकतो. प्लेग येतो, त्याला घरी परतावे लागते, मग पुणे. आणि आईच्या अखेरच्या घटकेला तो जवळ नसतो. आपण आईसाठी रडतो, ते योग्यच. पण 'आता फी देणे मला जमणार नाही' हे ज्याला आपल्या हुशार मुलाला सांगावे लागले, त्या एकेकाळच्या खोताच्या बाजूने, भाऊंच्या बाजूने, मराठीत कोणी पुस्तक लिहिलेले नाही. गुरुजींनी त्यांना अन्याय केलेला नाही. पण त्यांच्या मनात ते शिरलेही नाहीत.

त्याच औंधच्या मुलखातल्या आटपाडीत १९२१ साली शंकरराव खरात जन्मले. आटपाडीहून ते पुढच्या शिक्षणासाठी औंधला गेले, तिथून पुण्याला, आणि पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांचे 'तराळ-अंतराळ' (१९८१) वाचताना एकाच राजाच्या छत्राखाली दोन मुलांना केवढे वेगळे बालपण मिळू शकते ते ध्यानात येते. श्यामचे दारिद्र्य हे खाली आलेल्या घराचे. शंकररावांच्या घराला खाली यायला जागाच नव्हती. बाप गावची तराळकी करणारा.

त्यातला विहिरीचा प्रसंग मराठी गद्यातल्या थोर प्रसंगांत धरावा लागेल. विहिरीत प्रेत तरंगते आहे. त्याची राखण करायची ती तराळाने, आणि सरकारी हुकमाने विहिरीत उतरून ते काढायचे तेही तराळानेच. शाळकरी मुलगा बापासाठी भाकरी घेऊन तिथे जातो आणि हे सारे डोळ्यांनी पाहतो. इतर सगळ्या पुस्तकांत डबा घरून शाळेकडे जातो. इथे भाकरी मुलाच्या हातून बापाकडे चालली आहे. या बापाने मुलाला शाळेत का घातले असेल, हे लेखकाने बोलून दाखवण्याची गरजच उरत नाही. शाळेतली कोणतीही शिस्त, कोणतीही उपासमार त्या विहिरीपेक्षा सौम्य आहे, हे बापाला पक्के ठाऊक आहे. माझ्या प्रश्नाचे एक उत्तर मला इथे मिळाले. घरच्यांना ठाऊक असते ते शाळेत काय होते हे नव्हे. शाळेत गेला नाही तर काय होईल, ते त्यांना ठाऊक असते.

आता कर्मवीरांकडे येतो, आणि इथे मला थोडे तक्रारीच्या सुरात बोलावे लागणार आहे. तक्रार त्यांच्याविषयी नाही, त्यांच्यावर लिहिलेल्या वाङ्मयाविषयी आहे.

भाऊराव पाटील म्हणजे सातारा-सांगलीचा सांधाच. जन्म १८८७ चा, कुंभोजला. घराणे वाळवे तालुक्यातल्या ऐतवड्याचे. मिरजेजवळच्या दुधगावला त्यांनी मुलांच्या वसतिगृहाचा पहिला प्रयोग सहकाऱ्यांबरोबर केला. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यात काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू झाले. सगळ्या जातींची मुले एका छपराखाली राहतात, एका चुलीवर रांधतात, एका पंगतीत बसतात, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. १९२७ साली गांधीजी साताऱ्याला आले, त्यांच्या उपस्थितीत त्या बोर्डिंगाला शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले, आणि त्यांनी ते पाहून भाऊरावांचे मनापासून कौतुक केले. मग १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. तिथे फी नाही, राहण्याचे पैसे नाहीत. त्याबद्दल पोरांनी अंगमेहनत करायची. खडकाळ जमीन फोडायची, माती वाहायची, पिकवायचे, आणि मग पुस्तक उघडायचे. 'कमवा आणि शिका' हे शब्द आज भाषणात गुळगुळीत झाले आहेत. पण कुदळ धरून ज्या हातांना फोड आले त्यांना ते शब्द गुळगुळीत वाटले नसतील.

हा सारा इतिहास चरित्रांतून भक्तिभावाने आला आहे. पण चरित्रकार दोन ठिकाणी घाई करतात. पहिले ठिकाण म्हणजे भाऊरावांचे स्वतःचे विद्यार्थिदशेतले दिवस. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात ते राहत होते. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले, परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, आणि त्यांना ते बोर्डिंग सोडावे लागले. मॅट्रिकपर्यंतही ते पोचले नाहीत. पुढे शेकडो बोर्डिंगवासी मुलांचा अण्णा होणारा माणूस स्वतः बोर्डिंगातून बाहेर पडावे लागलेला मुलगा होता! एखाद्या कादंबरीकाराने इथे दहा प्रकरणे थांबावे असा हा प्रसंग. चरित्रांत तो बंडखोरीचे एक उदाहरण म्हणून पानभरात आटोपतो. सरकारी नोकरीत कारकुनी करणारे वडील, पायगोंडा पाटील, यांना ही बातमी कळली त्या रात्री घरात काय झाले? शिकवायला ठेवलेला मुलगा असा परतला, ही त्या बापाच्या दृष्टीने काही सामाजिक क्रांती नव्हती.

दुसरे ठिकाण लक्ष्मीबाईंचे. बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी या बाईंनी अंगावरचे दागिने एकेक करून दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले, आणि १९३० साली त्या गेल्या. दर सभेत ही कथा सांगतात, श्रोते डोळे पुसतात. ती सांगावी, पुसावेत. पण ज्या मुलांसाठी ते मंगळसूत्र मोडले त्यांच्या स्वतःच्या आया त्या वेळी कुठे होत्या? त्या गावोगावी, कुठे दुसऱ्याच्या रानात खुरपत होत्या. आपले पोर परक्या जातीच्या बाईच्या हातचे जेवते आहे, इतर जातींच्या पोरांच्या मांडीला मांडी लावून बसते आहे, हे भावकीने त्यांना ऐकवले असेलच. काहींनी पोराला परत आणले असेल. ज्यांनी आणले नाही त्यांनी भावकीशी किती काळ अबोला धरला, सुटीत आलेल्या पोराला कोणत्या भांड्यात पाणी दिले, याची नोंद कोणी ठेवली नाही. 'मुष्टिफंड' म्हणून एक योजना होती. घरातल्या बाईने दळणा-कांडणाच्या वेळी मूठभर धान्य बोर्डिंगासाठी बाजूला काढायचे. मला वाटते, या बायकांचे आत्मचरित्र म्हणजे ती मूठच. फक्त ते वाचण्याची लिपी आपल्याला येत नाही. कर्मवीर १९५९ साली गेले. आज रयतेच्या शाखा सातशेंवर आहेत. त्यांच्या सुवर्णमहोत्सवी आणि हीरकमहोत्सवी अंकांत माजी विद्यार्थ्यांचे लेख असतात. त्यांच्या शेजारी एखाद्या म्हाताऱ्या आईचे चार बोल उतरवून घ्यावेत, असे संपादकांना सुचत नाही.

अडाणी पालक शिक्षणाला विरोध करतो, ही समजूत खोटी पाडणारे एक पुस्तक मात्र आपल्याकडे १९५५ सालीच झाले होते. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त बोर्डिंग नाही, खासगी शाळा नाही. औंध संस्थानातली धनगरांची वाडी आणि नवखा मास्तर एवढेच आहे. पण मास्तर निवेदक असल्यामुळे पालक त्याच्या समोर येतात, बोलतात, नाही म्हणतात. शाळेत बसलेले एक पोर म्हणजे मेंढरांमागे एक माणूस कमी, हा त्यांचा हिशेब आहे. तो चुकीचा नाही, हे राजाराम मास्तराला आणि वाचकाला हळूहळू उमगते. विद्यार्थ्याने लिहिलेल्या आठवणीत हा हिशेब कधी येत नाही, कारण तो विद्यार्थी म्हणजेच त्या हिशेबातून वजा झालेला माणूस.

लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (१९८०) मला हे दोन्ही प्रवाह एकत्र आलेले दिसले. लेखक फलटण तालुक्यातल्या कैकाडी समाजातले. गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड, आज या गावाच्या वेशीबाहेर तर उद्या त्या. अशा माणसाने मुलाला शाळेत घालायचे ठरवावे हेच मुळी नवल. शाळा एका जागी असते आणि यांचे घर चालते! या पुस्तकातला बाप देव नाही. त्याला राग येतो, तो थकतो, परिस्थितीपुढे वाकतो. पण मुलाने शिकावे हा हट्ट त्याच्या डोक्यातून जात नाही. मुलालाही शाळा म्हणजे स्वर्ग वाटत नाही. तिथे त्याची जागा कडेला आहे. म्हणजे बापाचा हट्ट मुलाला छळतो, आणि मुलाचा छळ बापाला दिसतो, आणि तरीही दोघे त्या शाळेच्या दाराशी पुन्हा पुन्हा येतात. या पुस्तकाला १९८१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा चर्चा झाली ती भटक्यांच्या जगण्याची, बोलीची, जातपंचायतीची. ती व्हायलाच हवी होती. पण मुलाला शाळेत घालणाऱ्या बापाचे इतके खरे चित्र मराठीत दुसरे नाही, हे कोणी ठासून म्हटल्याचे मला आठवत नाही. भाषेच्या दृष्टीने काही पाने विस्कळीत आहेत, मधला भाग घाईत लिहिल्यासारखा वाटतो, हे मी मान्य करतो. तरीही या यादीतले एकच पुस्तक ठेवायचे झाले तर मी तेच ठेवीन.

आता कोणी म्हणेल, ही सारी गरिबांची कथा झाली. पैसेवाल्यांच्या बोर्डिंगांचे काय? त्याच सातारा जिल्ह्यात पाचगणी आहे, आणि तिथल्या शाळांत दूरदूरच्या श्रीमंतांची मुले येत आली आहेत. १९५० च्या दशकात झांझिबारहून एका पारशी दांपत्याने आपला लहान मुलगा तिथल्या सेंट पीटर्स शाळेत ठेवला होता. त्याने तिथे मित्रांबरोबर वाद्यवृंद काढला, आणि पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जग जिंकले. समुद्रापलीकडे राहिलेल्या त्या आईचे चार महिने आणि माणच्या आईचे चार महिने यांत फरक असेल तो आगबोटीच्या भाड्याचा. पण पाचगणीच्या या जगाविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे ते बहुधा सहलीला गेलेल्यांनी!

मग पालकांचे लिखाण आहे तरी कुठे? माझे उत्तर वाचकांना विक्षिप्त वाटेल, पण ते मी विचार करून देतो. ते डब्यात आहे. एस.टी. १९४८ साली सुरू झाली आणि तिच्या गाड्या जशा खेड्यांत पोचल्या तसा या मुलखात एक मूक टपालखातेच निर्माण झाले. विटा, तासगाव, आटपाडीकडून सांगलीला. कोरेगाव, मेढा, वडूजकडून साताऱ्याला. पहाटेच्या गाडीत कापडी पिशव्यांतले डबे चढवायचे, झाकणावर तैलरंगाने पोराचे नाव. ते ड्रायव्हरच्या मागे रांगेने लागायचे. स्टँडवर पोरे वाट पाहत उभी. नावे सारखी असली की डबे बदलायचे. पाटलाच्या पोराला कांबळ्याच्या घरची भाकरी आणि कांबळ्याच्या पोराला पाटलाच्या घरचे कोरड्यास! जी गोष्ट साताऱ्याच्या बोर्डिंगात अण्णांना निर्धाराने घडवावी लागली, ती स्टँडवर कधीकधी निव्वळ घोटाळ्याने घडत असे.

त्या डब्यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे एक वाक्य असे. आज भाकरीबरोबर फक्त ठेचा, म्हणजे घरात भाजी नाही. आज अचानक पुरणपोळी, म्हणजे सण. किंवा थोरल्या बहिणीला बघायला पाहुणे आले होते. सलग तीन दिवस चुलतीच्या हातची जाड भाकरी, म्हणजे आई आजारी, आणि ती आजारी आहे हे पोराला कळवायचे नाही असे घरात ठरलेले. पोरे हे सगळे बिनचूक वाचीत. आणि संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा परत जाई तेव्हा त्यात कधीमधी वहीच्या कागदाची घडी असे. लोणचे संपले. वहीला पैसे हवेत. शनिवारी येऊ का?

वरच्या पुस्तकांत या चिठ्ठ्या कुठेही नाहीत. पण त्या सगळ्याच फेकल्या गेल्या असतील असे मला वाटत नाही. माझी आई गेल्यावर तिच्या पेटीत माझ्या अकरा निघाल्या. एकीतही मी खरे बोललेलो नव्हतो, आणि तरी तिने त्या ठेवल्या होत्या. या दिवाळीत माळ्यावरची ट्रंक साफसफाईला खाली काढाल, तेव्हा तळाला अंथरलेले जुने वर्तमानपत्र उचलून पाहा. काही सापडले तर तारीख आणि गावाचे नाव मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. शाई पुसली असेल तर उन्हात तिरपा धरला की कागदावर दाबाच्या खुणा दिसतात.